शाईचं पेन आणि त्याचं लोकरी कव्हर: ग्वाल्हेरच्या हवेत दोन्ही जमवताना

ग्वाल्हेरमध्ये शाईचं पेन जानेवारीत गळतं आणि मे महिन्यात अडतं. बहुतेकांचा समज नेमका उलटा असतो. उन्हाने शाई पातळ होते, म्हणून उन्हाळ्यात खिसा निळा होतो, असं घरोघरी सांगितलं जातं. मग थंडीत टेबलावरच्या पेनाने कागदावर टपोरा थेंब सोडला की दोष पेनाला लागतो आणि ते ड्रॉवरमध्ये जातं. खरं तर पेनात काहीही बिघडलेलं नसतं. बिघडलेलं असतं ते आत कोंडलेली हवा, बाहेरची हवा आणि आपला हात यांचं गणित. ते एकदा कळलं की याच पेनाने वर्षभर लिहिता येतं. त्याला साजेसं लोकरी कव्हर दोन संध्याकाळींत विणून होतं, आणि कुणाला हवं असेल तर विकताही येतं.

पेन घेताना

शाई भरण्याच्या पद्धती मुख्यतः तीन. तयार शाईची बंद नळी म्हणजे कार्ट्रिज. तिच्या जागी बसणारा, मागची कळ फिरवून शाई ओढणारा कन्व्हर्टर. आणि आपल्या लहानपणची पद्धत, म्हणजे ड्रॉपरने थेट पेनाच्या पोकळ नळीत शाई. नेहमीच्या कन्व्हर्टरमध्ये पाऊण मिलिलिटरच्या आसपास शाई मावते, ड्रॉपरच्या पेनात दोन ते चार. रोज चार-पाच पानं लिहिणाऱ्याला ड्रॉपरचं पेन परवडतं. आठवड्याला एखादं पत्र लिहिणाऱ्याने कन्व्हर्टरच घ्यावा, कारण पडून राहिलेली तीन मिलिलिटर शाई उन्हाळ्यात काकवीसारखी होते.

आपल्याकडचं हाताने कातलेलं पेन हवं असेल तर राजमहेंद्री, हैदराबाद, तिरुवल्लूर इथले पेन बनवणारे आहेत. राजमहेंद्रीचं रत्नम हे नाव तर स्वदेशी चळवळीपासूनचं. ही पेनं बहुधा एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असतात. एबोनाइट हातात गार लागत नाही आणि उष्णता हळू आत जाऊ देतं. गळतीच्या बाबतीत हा गुण फार कामाचा. याउलट पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या नळीचं ड्रॉपर पेन ग्वाल्हेरसाठी घेऊच नये. ते हाताची ऊब लगेच शाईपर्यंत पोचवतं.

निब घेताना इंग्रजी अक्षरांवर जाऊ नका, आपल्या अक्षरावर जा. शाळेच्या वहीत दोन ओळींमध्ये साधारण आठ मिलिमीटर अंतर असतं. त्यात देवनागरी लिहायची तर बारीक, म्हणजे एफ निब बरी. एम, म्हणजे मध्यम निबेने ‘द्ध’, ‘क्ष’, ‘ष्ट’ यांची पोटं भरून जातात. मराठीचा आणखी एक खास प्रश्न आहे शिरोरेघेचा. शब्द लिहून झाल्यावर आपण पुन्हा मागे जाऊन रेघ ओढतो, ती ओल्या अक्षरांच्या डोक्यावरून. निब रुंद आणि शाई ओली असेल तर रेघ अक्षरांतली शाई ओढत नेते आणि शब्दाच्या शेवटी गाठ साचते. दोन-तीन शब्द लिहून मग त्यांच्या रेघा ओढण्याची सवय लावली तर हे बरंच कमी होतं.

थंडीतली गळती

ड्रॉपरच्या पेनात तीन मिलिलिटर शाई मावते असं धरा. लिहून लिहून एक मिलिलिटर उरली, म्हणजे आत दोन मिलिलिटर हवा आली. जानेवारीच्या सकाळी खोली १० अंशांवर आहे, पेन रात्रभर टेबलावर होतं. आता तुम्ही ते हातात धरलं आणि आतली हवा हळूहळू ३० अंशांवर गेली. हवा तापली की फुगते. १० वरून ३० अंशांवर जाताना सुमारे ७ टक्के. दोन मिलिलिटरचे ७ टक्के म्हणजे ०.१४ मिलिलिटर. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे जवळजवळ तीन थेंब शाई बाहेर ढकलली जाणार. निबेखालची जी काळी पट्टी, जीभ, तिच्या खाचा थोडी शाई धरून ठेवतात. त्या भरल्या की उरलेली कागदावर.

मे महिन्यात खोलीच ३८-४० अंशांवर असते. हात तिच्यापेक्षा गार. हवा फुगायला कारणच उरत नाही. अपवाद एकच: एसीच्या खोलीतून उठून पेन स्कूटरच्या डिकीत टाकलं, तर जानेवारीचंच गणित दुप्पट जोराने घडतं.

उपायही यातूनच निघतो. नळीत एक तृतीयांश शाई उरायच्या आधीच भरून टाका. पेन भरलेलं असेल तर आत हवा जेमतेम अर्धा मिलिलिटर, आणि तिच्या फुगण्याने निघणारी शाई जीभ पोटात घेते. दुसरं, थंडीत लिहायला बसण्याआधी पेन निब वर करून एक-दोन मिनिटं मुठीत धरा. निब वर असली की शाई तळाशी बसते, जिभेपाशी हवा येते आणि फुगलेली हवा शाईला न ढकलता निघून जाते. टोपणही निब वर असतानाच काढायचं. चहा येईपर्यंत हे होऊन जातं.

गळतीची दुसरी जागा म्हणजे आट्या, जिथे पुढचा भाग नळीत फिरतो. पूर्वी तिथे मेण किंवा व्हॅसलिन लावत, काहीजण दोरा गुंडाळत. व्हॅसलिन नको; खनिज तेलाने रबरी कडी फुगते आणि सैल होते. सिलिकॉन ग्रीस वापरा. पाण्याच्या फिल्टरचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे मिळतं, कारण तिथल्या वॉशरना तेच लावतात. पण मागताना नाव नीट सांगा. सिलिकॉन सीलंट नावाची जी खिडक्यांच्या फटी बुजवायची ट्यूब असते ती हातात आली आणि लावली, तर पेन कायमचं चिकटलं. ग्रीस किती, तर मोहरीच्या दाण्याएवढं. आट्यांवर लावा आणि एकदा फिरवून बाहेर आलेलं पुसून टाका. जास्त लावलं तर ते शाईत उतरतं, जिभेच्या खाचेत बसतं, आणि मग चालू पेन अडायला लागतं.

भरताना सुईशिवायची ५ मिलिलिटरची सिरिंज ड्रॉपरपेक्षा बरी. थेंब हाताबाहेर जात नाही. शाई आट्यांच्या दोन-तीन मिलिमीटर खालीच थांबवा.

उन्हाळ्यातलं अडणं

एप्रिल-मे मध्ये लू वाहते तेव्हा हवेत ओल जवळजवळ नसतेच. टोपण काढून पेन हातात धरून विचार करत बसलात तर अर्ध्या-पाऊण मिनिटात निबेच्या टोकावरची शाई सुकते. पंखा डोक्यावर असेल तर त्याहून लवकर. म्हणून उन्हाळ्यात थांबलं की टोपण, ही सवय लावायची. पहिली रेघ उमटली नाही तर पेन झटकू नका. भिंतीवर ठिपके पडतात, पुढचा भाग सैल असेल तर निबही उडते. ओल्या फडक्याच्या कडेला निब हलकेच टेकवा, शाई लगेच उतरते.

बंद पेनसुद्धा दोन दिवसांत सुकत असेल तर टोपणात हवा शिरतेय. टोपण तोंडाला लावून हवा ओढून बघा. हवा आली तर ती बहुतेक क्लिपच्या कडीपाशी शिरते. टोपणाच्या डोक्यावरचा स्क्रू घट्ट केला की थांबते. काही टोपणांना मुद्दाम ठेवलेलं बारीक भोक असतं, मुलाने टोपण गिळलं तर श्वास चालू राहावा म्हणून. घरात लहान मूल नसेल तर दोन महिने त्यावर बाहेरून पारदर्शक टेप लावायला हरकत नाही.

पाणी उडून शाई दाट झाली असेल, म्हणजे निळी शाई काळपट उमटायला लागली, तर नळीत डिस्टिल्ड वॉटरचे दोन थेंब घाला, हलवा, लिहून बघा. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते चालतं, फक्त बाटली डिस्टिल्ड वॉटरचीच आहे ना ते वाचा, ॲसिडची नव्हे. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार जिभेच्या खाचेत बसतात. तिघरा धरणातून येणारं नळाचं पाणी धुण्यापुरतं चालेल, शेवटची खळबळ मात्र डिस्टिल्डची.

शाईबद्दल थोडंच सांगण्यासारखं आहे. कॅमलिन, ब्रिल, सुलेखा, कृष्णा यांपैकी कोणतीही फाउंटन पेनची शाई चालते. चकाकीचे कण असलेली शाई ड्रॉपर पेनात घालू नका, कण तळाशी बसतात. ड्रॉइंग इंक, म्हणजे चित्रकाराची काळी शाई, फाउंटन पेनात कधीच नाही. तिच्यात लाखेसारखा पदार्थ असतो. एकदा सुकली की पाण्याने निघत नाही. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करायच्या असतील तर आधी काचेच्या बशीत थेंब मिसळून रात्रभर ठेवा. गाळ दिसला तर नको.

धुणं

शाई बदलताना, नाहीतर दीड-दोन महिन्यांतून एकदा पेन धुवायचं. पाणी साधं किंवा कोमट, गरम नाही. एबोनाइट गरम पाण्यात पडलं की काळ्याचं मातकट तपकिरी होतं आणि गंधकाचा वास सुटतो. ती चमक पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही. स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपॉलिश काढायचं द्रव्य यांनी प्लॅस्टिकला तडे जातात.

नळी वेगळी करा. लहान बाळाच्या नाकासाठी रबरी फुगा मिळतो, त्याचं तोंड पुढच्या भागाच्या मागच्या भोकाला लावून पाणी जोराने दाबा. सात-आठ वेळा केल्यावर निबेतून स्वच्छ पाणी यायला लागतं. जुनी सुकलेली शाई असेल तर २०० मिलिलिटर पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून अर्धा तास भिजत ठेवा आणि पुन्हा दाबा. मग पुढचा भाग निब खाली करून, घडी घातलेल्या टिश्यूवर किंवा टीपकागदावर रात्रभर उभा ठेवा. सकाळी टिश्यूवर रंग असेल तर अजून शाई आहे.

निब आणि जीभ दरवेळी उपसायची गरज नाही. उपसायचीच तर रबराच्या तुकड्यात दोन्ही एकत्र धरून सरळ ओढा. पिळलं तर निब जिभेवरून सरकते आणि तिचे पंख वाकतात.

धुऊनही अडत असेल तर

आता क्रमाने बघायचं, आणि क्रम महत्त्वाचा आहे, कारण लोक थेट शेवटच्या उपायावर उडी मारतात.

आधी कागद बदला. थंडीत बोटांना गजकाचा, म्हणजे तीळगुळाच्या वडीचा, तेलकटपणा असतो, हिवाळी क्रीम असतं. ते कागदावर लागलं की निब तेवढ्याच जागी सुटते. पानाच्या वरच्या भागात लिहिलं जातं आणि खाली, जिथे तळहात टेकतो, तिथे अडतं, असं असेल तर पेन निर्दोष आहे. हाताखाली एक कोरा कागद ठेवा, बस. फाटे फुटणं हाही कागदाचाच दोष. ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम) स्वस्त वहीत शाई धाग्यांतून पसरते. ८० ते १०० जीएसएमचा किंवा स्टेशनरीवाल्याकडचा हिशेबाच्या वह्यांचा लेजर पेपर बघा.

मग घड्याळजीचं दहा पट दाखवणारं भिंग घ्या आणि निब समोरून बघा. मधली चीर दोन्ही पंख वेगळे करते. एक पंख वर, एक खाली दिसला तर पेन एका दिशेने खरखरतं. वर असलेला पंख अंगठ्याच्या नखाने खाली दाबा, दोन सेकंद, सोडा, पुन्हा बघा. केसाएवढी हालचाल पुरते. चीर टोकाशी अगदी चिकटलेली असेल तर शाई उतरतच नाही. तिच्यातून ०.०५ मिलिमीटरची पितळी पट्टी तीन-चार वेळा आरपार सरकवा. ब्लेड वापरू नका, ते आतली कड खरवडतं.

निब आणि जीभ यांच्यामध्ये उजेड दिसत असेल, तर शाई तिथेच तुटतेय. जीभ एबोनाइटची असेल तर उकळी काढून एक मिनिट थांबलेल्या पाण्यात निब-जीभ अर्धा मिनिट बुडवा आणि लगेच अंगठ्याने निब जिभेवर दाबून गार होईपर्यंत धरा. गरम पाणी वापरायची वेळ हीच एक. जीभ आतच राहते, तिचा रंग गेला तर कुणाला दिसत नाही. प्लॅस्टिकच्या जिभेवर हे करू नका, ती वेडीवाकडी होते.

शेवटी घासणं. हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिशपेपर निबेसाठी नाही. १२,००० नंबरचा अतिबारीक कागद मिळाला तरी पाण्याने ओला करून, काहीही जोर न देता इंग्रजी आठचा आकडा पाच-सहा वेळा, आणि थांबा. जास्त घासलं की चिरेच्या आतल्या कडा गोल होतात, आणि मग पेन लोण्यासारखं चालतं पण पहिली रेघ उमटत नाही. हा दोष घरी दुरुस्त होत नाही.

लोकरी कव्हर

कव्हर गळती थांबवत नाही, हे आधीच सांगून टाकू. मात्र चार पेनं एका पिशवीत असतील तर ओरखडे वाचवतं, आणि थंडीतून उबेत जाताना पेन एकदम तापू देत नाही.

लोकर चारपदरी, गुळगुळीत. मोहेर किंवा केसाळ लोकर घेऊ नका; तिचा एक तंतू टोपणाच्या कडेतून निबेच्या चिरेत शिरला की प्रत्येक अक्षराला शेपूट फुटतं. ॲक्रिलिक स्वस्त आणि धुवायला सोपं, पण वर्षभरात गोळे धरतं. सुती धागा ताणला की ताणलेलाच राहतो. खरी लोकर उत्तम, ती पुन्हा आवळते. एका कव्हरला दहा ग्रॅमपेक्षा कमी लागते. ५० ग्रॅमच्या गुंडीत पाच सहज होतात.

सुया १२ नंबरच्या, म्हणजे पावणेतीन मिलिमीटर. आपल्याकडच्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात: नंबर मोठा तशी सुई बारीक. १० नंबर सव्वातीन मिलिमीटर, ८ नंबर चार. परदेशी नमुन्यात फक्त मिलिमीटर असतील तर तेच जुळवा, नाहीतर अंगठ्याएवढ्या पेनासाठी पाण्याच्या बाटलीचं कव्हर तयार होतं.

पेनाचा व्यास टोपणावर मोजा. १२ मिलिमीटरपर्यंत असेल तर १८ टाके, १३ ते १५ असेल तर २२, त्याहून जाड असेल तर २६. तिन्ही आकडे चारच्या पटीत अधिक दोन आहेत, त्याचं कारण शिवणीपाशी कळेल. इथून पुढे २२ टाके धरू.

लोकरीचं ४५ सेंटिमीटर शेपूट सोडून टाके घाला, पण १० नंबरच्या सुईवर; १२ वर घातले तर तोंड आवळतं आणि क्लिपसकट पेन आत जात नाही. ही चूक इतकी सर्रास होते की अर्धी कव्हरं याच कारणाने उसवावी लागतात. पहिली ओळ १२ नंबरवर: दोन सुलट, दोन उलट, असं करत शेवट दोन सुलटांवर. दुसरी ओळ: दोन उलट, दोन सुलट, शेवट दोन उलटांवर. याच दोन ओळी पुन्हा पुन्हा. ओळ विसरलात तर समोरचा टाका बघा: वहीत बरोबरची खूण करतो तसा दिसला तर सुलट, आडवी गाठ दिसली तर उलट. उलटावरून सुलटावर येताना लोकर सुयांच्या मधून मागे न्यायची राहिली की सुईवर एक जादा फेरा बसतो आणि पुढच्या ओळीत २३ टाके भरतात. पहिल्या दहा ओळी तरी प्रत्येक ओळ मोजा.

टाका सुटून खाली धावला तर घाबरू नका. क्रोशाची सुई त्यात घाला आणि वरच्या आडव्या दोऱ्या एकेक करून ओढून घ्या. उलट टाका असेल तर विणकाम फिरवून मागच्या बाजूने तेच.

साडेचौदा सेंटिमीटरच्या पेनासाठी १७ सेंटिमीटर विणा, साधारण ६५ ओळी. अडीच सेंटिमीटर जास्त का? दीड सेंटिमीटर तोंडाशी हवंच, आणि पेन आत गेलं की पट्टी रुंदीत ताणते व लांबीत सुमारे एक सेंटिमीटर आखडते. शेवटच्या ओळीत सगळीकडे दोन-दोन टाके एकत्र सुलट विणा. सुईवर ११ उरतील. लोकर ४० सेंटिमीटर ठेवून तोडा, दाभणात ओवा, अकरा टाक्यांतून काढा आणि बटव्याचं तोंड आवळावं तसं ओढा. तळ बंद झाला.

आता शिवण. सुलट बाजू आपल्याकडे ठेवून दोन्ही कडा शेजारी आणा. एका कडेच्या पहिल्या टाक्याच्या आतली आडवी दोरी उचला, मग समोरच्या कडेची, पुन्हा या कडेची. चार-पाच झाल्या की दोरा ओढा, शिवण आपोआप आत वळते. प्रत्येक बाजूचा एक टाका शिवणीत गेला आणि एकेक सुलट उरला, म्हणजे दोन्ही मिळून पुन्हा दोन सुलट. पट्ट्यांची ओळ कुठेच तुटत नाही. चारच्या पटीत अधिक दोन ते यासाठी.

पेन नळीच्या बाजूने आत घाला, म्हणजे निब तोंडाकडे, वरच्या दिशेला राहते. तोंडाला क्रोशाची ४० सेंटिमीटर साखळी दाभणाने ओवून घ्या. कव्हरं लोकरीच्या कपाटात ठेवणार असाल तर पेनं आत ठेवून नाही: डांबरगोळ्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतं. शाई सांडली तर ताबडतोब गार पाणी आणि साबण. गरम पाण्यात खरी लोकर आटते आणि कव्हर करंगळीएवढं होतं.

विकायचं ठरवलं तर

२२ टाके गुणिले ६५ ओळी म्हणजे १,४३० टाके. सरावलेला हात मिनिटाला वीस विणतो, म्हणजे सुमारे सव्वा तास. शिवण, साखळी, दोरे लपवणं धरून दोन तास. नवशिक्याला विणायलाच अडीच तास. तासाला ८० रुपये धरले तर मजुरी १६०, लोकर-लेबल २० धरा, आणि दहातलं एक बिघडतं म्हणून आणखी १८-२०. दोनशे रुपये झाले, आणि यात नफा नाही. शंभराला दिलं तर उरलेले शंभर तुम्ही स्वतःच्या खिशातून गिऱ्हाइकाला दिलेत. ‘हातचंच तर आहे, त्याला काय लागतं’ म्हणणाऱ्या मावशींना टाक्यांचा हिशेब दाखवा. विणणाऱ्या असतील तर गप्प होतील.

१९०५ पासून भरणाऱ्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात थंडीत गरम कपड्यांना गिऱ्हाईक असतं, म्हणून तिथे कव्हरं मांडावीत असं सुचवलं जातं. आमचं मत वेगळं. तिथे माणूस स्वेटर घ्यायला येतो आणि घासाघीस करतो. पेनाच्या कव्हराला पेनवालाच गिऱ्हाईक हवा, आणि तो मापाप्रमाणे करून मागतो. म्हणून मागणीवर विणा, निम्मे पैसे आधी घ्या, एका वेळी पाचपेक्षा जास्त मागण्या धरू नका.

मागण्यांची वही शाईच्या पेनानेच ठेवा, पण पार्सलवरची चिठ्ठी नको: धुता येणाऱ्या निळ्या शाईचा पत्ता पावसाच्या एका सरीत वाहून जातो. चिठ्ठ्या आणि लेबलांसाठी टाक, म्हणजे शाईत बुडवून लिहायची लेखणी, आणि काळी ड्रॉइंग इंक वापरा. टाकाला जीभ नाही, काम झालं की निब पुसली की झालं. वहीत प्रत्येक नावापुढे तीन मापं लिहा: टोपण लावून लांबी, टोपणाचा सर्वांत जाड भाग, आणि क्लिप किती उचललेली आहे ते. तिसरं माप गिऱ्हाईक हमखास सांगत नाही. ते आल्याशिवाय टाके घालू नका.